चार कुत्रे जेवायला

२ जून

चिंगे,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते धरून चाल आणि आधी कामाचं ऐक.

आपल्या मोजणीच्या पुस्तकातल्या तुझ्या पहिल्या चार पानांचं पाकीट आलं. पोस्टमनसमोरच फोडलं. त्यानेही पाहिलं आणि म्हणाला, "बाई, आमच्या मागे लागतात ते कुत्रे असे हसरे नसतात." मी म्हटलं, "तुमच्यासाठी वेगळं पुस्तक काढू."

एकच्या पानावर दारात बसलेला तुमचा ढब्बू अगदी ढब्बूच झालाय, तो लोंबता कान धरून. दोन कुत्रे मोजा ओढतायत, तेही झकास. तीनमध्ये मात्र ती झोपलेली गठडी जरा सैल कर. तीस वर्षं बालवाडीत काढली म्हणून सांगते, लहान मूल डोळ्यांनी मोजत नाही, बोटाने मोजतं. प्रत्येक कुत्र्यावर बोट टेकवायला जागा हवी, नाहीतर तिनाचे दोन होतात आणि मूल रडकुंडीला येतं.

आणि चौथं पान! चिंगे, माझ्या साध्या ओळी तू कुठे नेऊन ठेवल्यास गं:

चार कुत्रे जेवायला,
छकुली गेली वाढायला.
चौथ्याचा घेतला गोड पापा,
शेपूट हलली थपाथपा!

ताटलीत तोंड घातलेला तो चौथा आणि त्याच्या मानेला मिठी मारून पापा घेणारी छकुली. छकुलीला तुझ्या टिल्लीचे गाल दिलेस, ते माझ्या लक्षात आलंय. हे पान म्हणजे आपल्या पुस्तकाचा जीव आहे.

सातवी कविता सोबत पाठवतेय. फोन करू नकोस. हल्ली मला त्यात अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरते. मागच्या वेळी तू म्हणालीस "रंग संपलेत" आणि मी दिवसभर "लग्न संपलंय" म्हणून जीव टांगणीला लावून बसले होते.

आत्या

११ जून

प्रिय आत्या,

लग्न टिकून आहे, रंगही आणलेत.

गठडी सैल केली. संपादकबाईंना चारही पानं आवडली. ऑगस्ट संपायच्या आत दहाही हवी आहेत.

मी चार पानं शिवून कच्ची डमी केली होती, ती टिल्लीने पळवली. आता ती आणि ढब्बू दिवसभर "पुस्तक-पुस्तक" खेळतात. एकचं पान आलं की ढब्बूला दारात बसवायचं. दोनला बाबाचा मोजा एका टोकाला ती धरते, दुसऱ्याला तो. तीनला दोघं चटईवर झोपतात आणि तिसरा कुत्रा म्हणून मला बोलावतात. ढब्बूचं वय झालंय, पूर्वीसारखा उत्साह नाही, पण साडेचार वर्षांच्या मालकिणीपुढे कुणाचं काय चालणार? "आई, मी पुस्तकातली आहे," असं सगळ्या शेजाऱ्यांना सांगून झालंय.

आत्या, खरंच सांगते, इतक्या आनंदात मी कधी काम केलं नव्हतं.

तुझी चिंगी

५ जुलै

चिंगे,

महिना होत आला, पत्र नाही. आलं ते नुसतं पाकीट, आत पाच आणि सहाची चित्रं. चिठीसुद्धा नाही.

बरं, चित्रांचं बोलू. हे काय काढलंयस? पाच कुत्रे आणि पाचही पाठमोरे! सहा कुत्रे, पण इतके लांब की टेकडीवरचे दगड वाटावेत. एकाचंही तोंड उघडं नाही, जीभ नाही, दात नाही. हे कुत्रे नव्हेत, सुट्टी नाकारलेले कारकून आहेत. मुलांनी यांच्यावर बोट ठेवून काय मोजायचं?

घाईत केलंस का? दुसरं जास्त पैशांचं काम घेतलंस? की जावईबापूंशी काही बिनसलंय? भांडण झालं असेल तर ते भांड्यांवर काढ, कुत्र्यांवर नको.

टिल्लीचं काय चाललंय? ढब्बूचं?

आत्या

१२ जुलै

प्रिय आत्या,

पत्र लिहायला उशीर झाला, रागावू नकोस. घरात कुणाशी बिनसलेलं नाही. टिल्ली मध्यंतरी पडली, गालाला लागलं, त्यात दिवस गेले. आता बरी आहे. ढब्बूही आहे.

पाच-सहा पुन्हा करीन.

एक विचारायचं होतं. चौथं पान बदलूया का? इतर पानांवर माणूस कुठेच नाही, फक्त इथेच छकुली येते, ते वेगळं पडतं. नुसते चार कुत्रे असले तर बरं दिसेल. तू चार नव्या ओळी दिल्यास तर मी लगेच चित्र काढते. संपादकबाईंशी मी बोलेन.

तुझी चिंगी

१८ जुलै

चिंगे,

नाही.

तू म्हणशील, म्हातारी हट्टी आहे. आहेच. पण चौथं पान मी बदलणार नाही, आणि का ते ऐक. शेजारच्या बालवाडीतल्या बाईंनी मला आठवड्यातून दोनदा गोष्टी सांगायला बोलावलंय. तिथे आपल्या कविता म्हणून पाहते. बाकीच्या मुलांना आवडतात, पण "चार कुत्रे"ची तर त्यांनी दंगल केलीय. आधी चौघं रांगत येऊन ताटलीत तोंड घालतात, मग एक मुलगी येऊन चौथ्याच्या गळ्यात पडते. सगळ्यांना छकुलीच व्हायचं असतं. परवा तर मजाच झाली. फाटकाशी एक कुत्री असते, तिला मदतनीस बाई उरलंसुरलं घालतात. सुट्टी झाल्यावर चार-पाच पोरं कविता म्हणत तिच्याकडे धावली, पापा घ्यायला! बाईंनी हाका मारमारून परत आणली. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात, इथे कुत्री म्हणत असेल, पोरं आवरा!

आता सांग, ज्या कवितेने मुलं अशी उठून धावतात ती मी पुस्तकातून काढू?

टिल्ली पडली म्हणतेस. पडलेल्या पोराचे गुडघे फुटतात, कपाळ फुटतं. गालाला कसं लागलं? काही लपवत असशील तर लक्षात ठेव, तुझ्या बापाला मी लहानपणापासून ओळखत होते, आणि खोटं बोलताना तोही असंच आखूड लिहायचा.

आत्या

२२ जुलै

आत्या,

तुझं पत्र वाचलं. लगेच तुझ्या शेजारणीला फोन करून निरोप दिलाय, तो मिळाला असेलच. ती कविता बालवाडीत पुन्हा म्हणू नकोस. मुलांना त्या कुत्रीजवळ जाऊ देऊ नका. कारण आता लिहिते.

टिल्ली पडली नव्हती. तिला ढब्बू चावला.

जूनच्या मधली गोष्ट. मी खोलीत पाचव्या पानाचे रंग कालवत होते, ती स्वयंपाकघरात होती. ढब्बूला मी नुकतंच खायला घातलं होतं. तिचा आवाज येत होता, कविता म्हणत होती, आणि मी हसत होते, आत्या. "शेपूट हलली" इथपर्यंत ती पोचलीच नाही.

ओठाच्या कडेपासून गालावर वरपर्यंत फाटलं होतं. ढब्बू कोपऱ्यात जाऊन बसला होता आणि थरथरत होता. जमिनीवर डमी उघडी होती. चौथं पान.

टाके पडले, इंजेक्शनं झाली. डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, खूण राहील, वाढत्या वयात फिकट होईल. टिल्लीला मी विचारलं, "तू त्याच्या ताटलीशी का गेलीस?" तर ती म्हणाली, "पान आलं होतं ना."

तुला सांगितलं नाही, कारण ओळी तुझ्या आहेत. तू जन्मभर मनाला लावून घेशील हे मला माहीत होतं. ओळींचं काय, ओळी म्हणजे शब्द. मिठी मीच काढली. ढब्बूला जेवताना हात लावलेला चालत नाही हे मला गेली अकरा वर्षं माहीत आहे. माहीत असून मी काढली, कारण ते पान गोड दिसत होतं.

त्यानंतर कुत्र्याचं तोंड काढायला घेतलं की हात आखडतो. म्हणून पाठमोरे.

ढब्बू सध्या गॅलरीत बांधलेला असतो. त्याचं काय करायचं ते ठरत नाहीये. ते नंतर लिहीन.

चिंगी

२५ जुलै

चिंगे, बाळा,

निरोप मिळाला होता, पण कारण कळलं नव्हतं. पत्र वाचलं आणि चपला अडकवून बालवाडीत गेले. बाईंना सगळं सांगितलं. मग मुलांना गोल बसवलं आणि म्हटलं, "मी तुम्हाला एक चुकीची कविता शिकवली." ती हसायला लागली. त्यांना वाटलं, हाही खेळच आहे. एक जण म्हणाला, "आजीबाई चुकल्या, आजीबाई चुकल्या," आणि सगळ्यांनी ताल धरला. मी धरू दिला. मग आम्ही नवी म्हटली. चालता चालता सुचली आहे, खडबडीत असेल:

चार कुत्रे जेवायला,
जाऊ नका गं खेळायला.
पोटं भरू द्या, तोंडं पुसू द्या,
येतील तेच भेटायला.

फाटकातल्या कुत्रीचं खाणं आता मागच्या बाजूला, मुलं गेल्यावर ठेवतात.

ओळी म्हणजे नुसते शब्द, असं तू मला समजावू नकोस. शब्दांनी मुलं उठून धावतात, हे मीच तुला गेल्या पत्रात मिरवून सांगितलं. त्या वेळी टिल्लीच्या गालावर टाक्यांची ताजी खूण होती. तू माझा भार एकटीने उचलायला निघालीस, त्याबद्दल तुझ्या पाठीत एक धपाटा घालावा की तुला कुशीत घ्यावं, कळत नाही. दोन्ही करीन.

आता ढब्बूचं. त्याला माझ्याकडे पाठव. इथे लहान मूल नाही. मागे अंगण आहे, भिंत आहे. म्हातारा तो, म्हातारी मी. त्याच्या ताटलीशी मी जाणार नाही आणि माझ्या ताटाशी त्याने येऊ नये, एवढा करार पुरे. एखादी गाडी करा, भाडं मी देते. त्याने निसटू नये म्हणून अंगणाच्या दाराला खालून फळी ठोकायला सुतार उद्या येतोय. वाट पाहते.

आत्या

३१ जुलै

आत्या,

तुझं पत्र अठ्ठावीसला आलं. ढब्बू सत्तावीसला गेला.

त्याची वरची दाढ किडली होती. ती काढता आली असती. पण जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "वय झालंय, दुखणं आहे, एकदा चावलाय. लहान मूल असलेल्या घरात पुन्हा होणार नाही, असं मी लिहून देणार नाही." चावलेला म्हातारा कुत्रा कुणी घेईना. आम्ही पाच-सहा घरं विचारली. प्राण्यांच्या संस्थेत गेलो, त्यांनी हात जोडले. तुला विचारायचं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून तुला विचारलंच नव्हतं. आणि कारण सांगितलं तेव्हाही विचारायची जीभ रेटली नाही. वाटलं, एवढं तुझ्या डोक्यावर घातलं, आता कुत्राही कसा घालू?

टिल्लीचा बाबा म्हणाला, मी नेतो. पण मी नेलं. पिल्लू असताना पिशवीतून आणणारीही मीच होते. तिथलं काही लिहवत नाही.

त्याहून वाईट पुढे आहे. ढब्बू कुठे गेला म्हणून टिल्लीने विचारलं तेव्हा तुझं पत्र टेबलावर होतं. तिचा बाबा म्हणून गेला, "ढब्बू आत्याआजीकडे राहायला गेला." तिचा चेहरा इतका उजळला की मी गप्प बसले. लगेच तिने ढब्बूला पत्र सांगितलं आणि मी ते लिहून घेतलं. सोबत जोडलंय. ती रोज विचारते, उत्तर आलं का?

आत्या, दोनच ओळी लिही. तो बरा आहे, अंगणात झोपतो, एवढंच. तिला थोडं मोठं होऊ दे.

चिंगी

(सोबत)

ढब्बू, तुझं तोंड अजून दुखतं का? माझं नाही दुखत. आत्याआजीच्या चपला खाऊ नको. तिला ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने भुंक. मी आता पापा घेणार नाही. तू ये.

५ ऑगस्ट

चिंगे,

सुताराने फळी ठोकली होती. ती तशीच आहे.

सत्तावीस तारखेला मी काय करत होते, ते आठवून पाहते. पंचवीसला पत्र पेटीत टाकलं आणि निवांत झाले. शेजारणीला सांगून फोन करवता आला असता. सुचलंच नाही. जन्मभर पत्रांवर जगले, तर वाटलं पत्र पोचेल तोवर जग थांबतं.

मी तुम्हाला दोष देत नाही. तुमच्या जागी मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. चावलेला गाल तुमच्या समोर होता, माझ्या समोर फक्त कागद होता.

पण टिल्लीला ते पत्र मी लिहिणार नाही. लिहून पाहिलं. "ढब्बू मजेत आहे, चपला अजून शाबूत आहेत." चांगलं जमलं होतं, म्हणूनच भीती वाटली. त्याला उत्तर आलं असतं, मग मी आणखी एक लिहिलं असतं, आणि दिवाणखान्यात बसून मी मेलेला कुत्रा पाळला असता. मग सुट्टीत ती आली असती, धावत अंगणात. तेव्हा काय करायचं? फाडून टाकलं.

तिला एकदा आपण गोड करून सांगितलं, चिंगे. पुन्हा नको.

तूच सांग. तू आणि तिचा बाबा, दोघांनी मिळून. झोपला, देवाघरी गेला, असलं काही नको, मुलं झोपायला घाबरतात. सरळ शब्दांत सांग. ती रागावेल, तुम्हाला मारेल. मारू दे. सांगितलंस की कळव. मी येते आणि हवे तेवढे दिवस राहते. ती मलाही काय विचारायचं ते विचारू दे.

आत्या

१४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

आधी कामाचं. नवं चौथं पान संपादकबाईंना दिलं. चार कुत्रे जेवतायत आणि मुलं लांब पायरीवर बसून पाहतायत. त्या म्हणाल्या, पूर्वीचं जास्त गोड होतं. का बदललं ते मी सांगितलं. तेव्हा म्हणाल्या, "माझ्या नातवाला मी ते जुनं पान दाखवलं होतं." बाकीची पानं उशिरा दिली तरी चालतील, असंही म्हणाल्या.

आता दुसरं.

रविवारी सकाळी सांगितलं. तिला मध्ये बसवलं आणि मी म्हटलं, "ढब्बू आत्याआजीकडे नाही. ढब्बू मेला." तिला वाटलं मी चुकून बोलले. मग तिने विचारलं, "कुणी मारलं?" मी काय उत्तर द्यायचं ते ठरवून बसले होते, ते सगळं विसरले. म्हटलं, "डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. आम्ही सांगितलं म्हणून." "का?" "तो तुला चावला. पुन्हा चावेल, अशी आम्हाला भीती वाटली."

तू म्हणालीस तशी ती मारायला धावली. लाथा, बुक्क्या, किंचाळणं. बाबाने तिला धरलं तर त्याच्या हाताला कडकडून चावली, रक्त आलं. मग एकदम गप्प झाली. मला वाटलं, वादळ गेलं. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही, पण जेवली, झोपली. आम्ही म्हटलं, चला.

काल गालाची खूण दाखवायला डॉक्टरकडे जायचं होतं. मी हाक मारली, "टिल्ली, बूट घाल, डॉक्टरकडे जायचंय," आणि ती दिसेनाशी झाली. सगळं घर शोधलं, जिना, गॅलरी, शेजारी. शेवटी माझ्या चित्रांच्या टेबलाखाली अगदी भिंतीला चिकटून बसलेली सापडली. दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबलेले. चड्डी ओली.

बाहेर येईना. मी म्हटलं, "अगं, टोचणार नाहीत, नुसतं बघणार आहेत." तिने हातांच्या आडूनच सांगितलं, "मी पण चावले."

आत्या, मला क्षणभर कळलंच नाही. बाबाला माझ्या आधी कळलं. एवढा उंच माणूस, तो जमिनीवर आडवा झाला आणि डोकं-खांदे टेबलाखाली घातले. त्याने तो हात तिच्यापुढे धरला. "हे बघ, बरं झालं. तुला कुणी कुठे नेणार नाही. तू चावलीस तरी तू आमचीच आहेस."

ती म्हणाली, "ढब्बू पण आपलाच होता."

गेल्या दोन महिन्यांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. नुसते पाय बाहेर दिसत होते आणि ते हलत होते. मग तो म्हणाला, "हो. होता. आम्ही फार घाबरलो होतो, टिल्ली."

मी दुसऱ्या बाजूने आत शिरले. तिघांना जागा नव्हती, माझा एक पाय बाहेरच राहिला. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "ढब्बू घाबरला होता?"

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही. तिला सांगितलं. दवाखान्यातलं टेबल गार होतं, म्हणून मी जमिनीवर बसले आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याच्या लोंबत्या कानामागे खाजवत राहिले. त्याने एकदा माझा हात चाटला. घाबरला नव्हता, त्याला वाटलं, आम्ही नेहमीसारखं तपासायला आलोय.

"म्हणजे त्याला माहीत नव्हतं," टिल्ली म्हणाली.

"नाही. त्याला माहीत नव्हतं."

तिने एक हात तोंडावरून काढला आणि माझ्या झग्याचं टोक धरलं. दुसरा नाही काढला.

डॉक्टरकडे आम्ही गेलो नाही. आज सकाळी ती दूध प्यायली, ओठ मिटून प्यायली, आणि आता खिडकीत बसली आहे. मी अधूनमधून हाक मारते, ती "ओ" देते.

तू ये आत्या. पत्राची वाट पाहू नकोस, पहिली गाडी मिळेल ती धर.

चिंगी